दहावं घर

नवापूर, २० जून २०२४

प्यारी बेटी अंजुम,
दुआ.

ईदला तू आली नाहीस. तुझी अम्मी म्हणाली, परीक्षा आहे. मी मान हलवली. परीक्षा पंधरा तारखेलाच संपली हे मला ठाऊक होतं, पण तिला खोटं पाडून काय मिळवणार होतो?

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. शाळा सुटल्यापासून मी पावतीपेक्षा मोठं काही लिहिलेलं नाही. उर्दू वाचतो, पण लिहिताना हात अडखळतो. मराठी शाळेत शिकलो म्हणून मराठीतच लिहितोय. पत्राची कल्पना अम्मीची. ती म्हणाली, "कागज में तुम कुछ बिठा नहीं सकते, शायद इसलिए पढ लेगी."

तुझा फोन पार्सलने पोहोचला. आतली चिठ्ठीही वाचली. 'तुम्ही जे बसवलंय ते काढून तुमच्याकडेच ठेवा.' नाशिकच्या कुठल्याशा दुकानात बॅटरी बदलायला दिलास आणि तिथल्या मेकॅनिकने ते शोधून काढलं. बॅटरी बदलायची होती तर मला सांगायचंस. वीस वर्षं मी दुसरं काय करतोय?

हो, मी बसवलं होतं. तू अकरावीत होतीस, कॉलेज फोनवर भरत होतं, म्हणून तुला पहिला फोन घेऊन दिला. त्याच संध्याकाळी त्यात ते ॲप टाकलं. तुला येणारा आणि तू पाठवलेला प्रत्येक मेसेज माझ्या फोनवर दिसायचा. तू त्याला नजर ठेवणं म्हणतेस, मी काळजी म्हणतो. आपल्या मोहल्ल्यातून नर्सिंगला गेलेली पहिली मुलगी तू. दुकानावर तुझं नाव आहे, 'अंजुम मोबाईल'. तुला काही झालं असतं तर मी तो बोर्ड कोणत्या तोंडाने लावून ठेवला असता?

आणि मी एकटा नाही. गावातल्या आणखी आठ घरांतले आईबाप माझ्याकडे आले, त्यांच्या मुलांच्या फोनमध्येही मी ते बसवून दिलं. आजवर एकाही घरातून वाईट बातमी आलेली नाही. हे मी अभिमानाने लिहितोय. राग ओसरला की विचार कर.

तुझा अब्बा

नवापूर, ११ जुलै २०२४

अंजुम बेटा,

उत्तर आलं नाही. अम्मीशी तू मैत्रिणीच्या फोनवरून बोलतेस आणि मी खोलीत आलो की ठेवतेस, हे मला कळतं. तब्येत बरी आहे एवढं समजतं. मला पुरतं.

इकडची खबर अशी. आपली धाकटी शिरीन नववीत गेली. वर्गातल्या निम्म्या मुलींकडे फोन आहेत म्हणून मी तिला विचारलं, तुलाही घ्यायचा का? माझ्या कपाटात तुझा परत आलेला आहेच. ती म्हणाली, "अब्बा, आपाच्या फोनसारखं माझ्यात टाकणार असाल तर मला नको." तेरा वर्षांची पोरगी, पण मान वर करून बोलली. मी रागावलो. नंतर दुकानात बसल्यावर वाटलं, बोलते मात्र थेट तुझ्यासारखी.

तिच्या वर्गात चेतना नावाची मुलगी आहे. तिची आई मीनाबाई पोल्ट्रीवर कामाला आहे. सकाळी सातला जाते, अंडी गोळा करून संध्याकाळी येते. नवरा बांधकामावर बडोद्याकडे असतो. घरात माय-लेकी दोघीच. चेतना छान नाचते, शाळेच्या गॅदरिंगला सगळ्यांनी पाहिलंय. तिचे मामा तिला जुना फोन देऊन गेले, तेव्हापासून मीनाबाईंचं लक्ष कामात लागत नाही. परवा दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मन्ही पोर फोनमा काय करी ऱ्हायनी, माले काहीच समजत नई. तुम्ही तुमन्या मोठ्या पोरना फोनमा जे टाकेल शे ना, तेच इन्हा फोनमा टाकी द्या."

बसवून दिलं. नववं घर.

तू विचारशील, मीनाबाईंना कसं कळलं की तुझ्या फोनमध्ये काय होतं. गिऱ्हाइकांशी बोलता बोलता मी कधीतरी सांगितलं असेल. दोन-चार जणांना.

तुझा अब्बा

नवापूर, ३ ऑगस्ट २०२४

अंजुम,

हे पत्र तू शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाड.

मीनाबाईंना वाचता येत नाही. ॲप बसवताना हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चेतनाचे मेसेज त्यांच्या फोनवर यायला लागले, पण त्या वाचणार कशा? म्हणून दर गुरुवारी कामावरून सुटल्या की दुकानात यायच्या, काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसायच्या, आणि मी वाचून दाखवायचो. गिऱ्हाईक आलं की थांबायचं, गेलं की पुढे. पहिल्या दोन गुरुवारी नुसता गृहपाठ, गाणी आणि कुणी कुणाची वेणी ओढली ते. मीनाबाई हसायच्या. मलाही गंमत वाटायची.

तिसऱ्या गुरुवारी कामिनी नावाच्या बाईचे मेसेज निघाले. सुरतेत डान्स क्लास चालवते म्हणे. तुझा नाच व्हिडिओत पाहिला, तुझ्यात गुण आहेत, नाचाच्या कपड्यात फोटो पाठव. चेतनाने दोन पाठवलेही होते, गॅदरिंगचे, साधेच. त्यावर कामिनीने लिहिलं होतं की हे नाहीत, वेगळे हवेत, आणि घरी काही सांगू नकोस, घरच्यांना तुझी प्रगती बघवणार नाही. पुढे सुरतेचा पत्ता आणि नंबर.

मी मीनाबाईंना स्पष्ट सांगितलं, हे माणूस चांगलं नाही. त्या लगेच उठल्या. मी चहा मागवला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. माझ्या कामामुळे वेळेवर सापडलं, असं मनात चाललं होतं.

मीनाबाईंनी घरी जाऊन चेतनाला मारलं आणि फोन पेटीत टाकून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत शिरीन धावत दुकानात आली. चेतना शाळेत आली नव्हती. मी पोल्ट्रीवर फोन लावला, तर मीनाबाईंनी सकाळी तिला दप्तर भरताना पाहिलं होतं. मी शिरीनला विचारलं, तुला काही माहीत आहे का? पुन्हा विचारलं. मग ती म्हणाली, "सांगते. पण आधी कबूल करा की तिला कुणी मारणार नाही. तुम्ही तिच्या आईलाही सांगायचं." मी कबूल केलं. तेव्हा तिने सांगितलं की चेतनाने वहीत सुरतेचा पत्ता आणि नंबर उतरवून ठेवलाय, आणि घरात मार खाण्यापेक्षा नाच शिकायला जाते असं ती म्हणत होती.

शटर अर्धं ओढलं, शिरीनला गाडीवर मागे बसवलं आणि स्टेशन गाठलं. सुरतेची गाडी नुकतीच गेली होती. मागचे लाल दिवे दिसत होते. शिरीनने मला ओढलं आणि बोट दाखवलं. अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत असलेल्या त्या बाकावर चेतना दप्तर मांडीवर घेऊन बसली होती.

तिने गाडी सोडून दिली होती. का, ते तिनेच सांगितलं. गाडी यायच्या बऱ्याच आधी फलाटावरच्या एका बाईचा फोन मागून तिने कामिनीला लावला. उचलला पुरुषाने. मी कामिनीचा भाऊ, तू डब्यात बस, मी उतरवून घेतो, घरी कुणाला बोललीस का, असं तो विचारत होता. पोरीने फोन कापला, बाईला परत दिला आणि बसून राहिली. सुरतेला जायचं नव्हतं आणि घरी जायची भीती वाटत होती. चौदा वर्षांची मुलगी दोन तास तशी बसली होती, अंजुम.

शिरीन तिच्या शेजारी बसली. मी उभाच होतो. चेतनाने माझ्याकडे बघून विचारलं, "काका, आईला वाचता येत नाही. माझे मेसेज तिला कुणी वाचून दाखवले?"

"मी."

"सगळे?"

"सगळे."

तिने दप्तर छातीशी ओढलं. मग म्हणाली, "तुम्हाला कळलं होतं की ती माणसं वाईट आहेत. मग मला येऊन का नाही सांगितलं?"

तिच्या घरापासून माझं दुकान चार मिनिटांवर आहे. मी आईला सांगितलं आणि चहा प्यायलो. ज्या मुलीला सांगायला हवं होतं तिला सांगावं, हे डोक्यातही आलं नव्हतं.

वसीम

नवापूर, २५ ऑगस्ट २०२४

अंजुम बेटा,

मागच्या पत्राखाली अब्बा लिहायचं राहिलं. लक्षात आलं तेव्हा पत्र टाकून झालं होतं.

त्या दिवशी चेतनाला घरी घेऊन गेलो तेव्हा मीनाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. मी त्यांना आधी शिरीनला दिलेला शब्द सांगितला. त्या म्हणाल्या, "मी मारं म्हनीसनच ती गई, भाऊ." मग त्यांनी पोरीला जवळ ओढलं आणि पदराने तिचं तोंड पुसत बसल्या. त्यांच्या हातांना कोंबड्यांच्या खाद्याचा वास येत होता आणि चेतना तो हात सोडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलिसांत गेलो. मीनाबाईंना भीती वाटत होती की गावभर होईल. तिथल्या महिला हवालदाराने दार लावून घेतलं आणि चेतनाला पाणी दिलं. चेतनाने पहिल्यापासून सगळं स्वतः सांगितलं. तारखाही. मेसेज पुसून टाकले नव्हते हे फार बरं झालं, असं हवालदारबाई म्हणाल्या. लाजेने पुसायचं आणि मग हातात काही उरत नाही, असंच बहुतेक घरांत होतं म्हणे. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो आणि मला तिचा अभिमान वाटत होता. माझी मुलगी नव्हे ती, तरी.

नंतर मी दुकानाची वही काढली. नऊ नावं होती. प्रत्येक घरी जाऊन मुलाला किंवा मुलीला आईबापासमोर बसवलं आणि सांगितलं की तुझ्या फोनमध्ये हे होतं, ते मी बसवलं होतं, आणि आता तुझ्यासमोर काढतोय. तीन आठवडे लागले. एका मुलाने माझ्या हातातून फोन घेतला, बंद केला आणि आत निघून गेला. एका मुलीने बापाला एवढंच विचारलं, किती दिवसांपासून? बाप छताकडे बघत राहिला. एक जण माझ्यावरच भडकले. आता मुलगी बिघडली तर तू जबाबदार, माझ्या घरचा एकही फोन तुझ्याकडे येणार नाही, म्हणाले. मी म्हटलं, नका आणू. एक म्हातारे आजोबा मात्र नातवाला म्हणाले, "मला तुझा फोन समजत नव्हता रे, म्हणून भ्यायलो. शिकवशील का?" ते दोघं आता रविवारी माझ्या दुकानासमोर बसून शिकतात.

आठ घरांमध्ये मी सगळं सांगून परतलो. मीनाबाईंचं धरून नऊ.

तुझा अब्बा

नवापूर, १२ ऑक्टोबर २०२४

प्यारी अंजुम,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पोस्टमनने दुकानात आणून दिलं तेव्हा हातात सोल्डरिंगचं काम होतं, ते तसंच ठेवलं. दीड ओळ आहे. 'नऊ घरं झाली, चांगलं केलंत. दहावं?'

दिवसभर ते कार्ड खिशात घेऊन फिरलो.

आधी दहाव्या घरात सध्या काय चालू आहे ते सांगतो. उरलेलं सांगायला मला अजून थोडा वेळ दे.

शिरीनला फोन दिला. तुझाच, सगळं पुसून, तिच्या डोळ्यांसमोर. त्याआधी आम्ही तिघं जेवायला बसतो तिथेच बसलो आणि तिलाच विचारलं, कसं करायचं? तिने वही आणली होती. मला वाटलं होतं मी अटी घालीन, निम्म्या अटी तिनेच मला घातल्या. खातं फक्त ओळखीच्यांना दिसेल असं ठेवायचं, हे माझं. फोटोत शाळेचा गणवेश किंवा घराची खूण दिसू द्यायची नाही, हेही माझं. न विचारता फोन हातात घ्यायचा नाही, हे तिचं. मग अम्मीकडे वळून म्हणाली, माझा फोटो खानदानाच्या ग्रुपवर टाकण्याआधी मला विचारायचं. अम्मीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. गेल्या ईदचे सतरा फोटो तिने टाकले होते.

फोन रात्री पुढच्या खोलीत चार्जिंगला राहील, असं मी म्हटलं. शिरीन म्हणाली, तिघांचे. माझाही. जेवताना मी कोंबड्यांच्या झुंजीचे आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या यंत्रांचे व्हिडिओ बघतो, ते बंद. पहिले चार दिवस घास गिळवेना. आता आम्ही बोलतो. शिरीनच्या वर्गात काय काय चालतं ते मला आता कळतं, त्या चार वर्षांत तुझ्याबद्दलही एवढं कळलं नव्हतं. फोनवर तुझं सगळं वाचत होतो तरी.

एक गोष्ट मात्र मी सांगितली आणि ती तिने मोठ्या अक्षरात लिहून घेतली. कुणीही 'घरी सांगू नकोस' म्हणालं तर तेवढं घरी सांगायचंच. आणि सांगितल्याबद्दल आमच्याकडून मार नाही, ओरडा नाही, फोन काढून घेणं नाही. तिने विचारलं, चूक माझी असली तरी? मी म्हटलं, तरी.

ती फोनवर काय करते माहीत आहे का? माझ्या शेजारी बसून जुने रेडिओ उघडते आणि आत काय आहे ते दाखवणारे छोटे व्हिडिओ करते. फक्त हात दिसतात. नखांखाली ग्रीस. मागच्या आठवड्यात तिने एक असा ट्रान्झिस्टर चालू केला जो मी टाकून दिला होता.

आणि चेतना पुन्हा नाचते. मीनाबाईंनी पेटीचं कुलूप स्वतः काढलं. रविवारी पोल्ट्रीला सुट्टी असते तेव्हा अंगणात त्या फोन धरतात आणि चेतना नाचते. पहिल्या तीन व्हिडिओंत पोरीचं डोकं कापलं गेलं होतं, आता नीट येतं. खाली लोक काय लिहितात ते चेतना आईला वाचून दाखवते. कुणाला उत्तर द्यायचं, कुणाला बंद करायचं, हे दोघी मिळून ठरवतात. परवा मीनाबाई मला म्हणाल्या, "भाऊ, माले आते 'ब्लॉक' वाचता येस."

तुझा अब्बा

नवापूर, २७ जानेवारी २०२५

प्यारी बेटी अंजुम,

काल झेंडावंदनानंतर शिरीनच्या शाळेत पालकांची सभा होती. मुख्याध्यापक हिलाल सरांनी मला बोलायला बोलावलं होतं. दोनशे माणसं तरी असतील. आपल्या मोहल्ल्यातली, पोल्ट्रीवरची, चिंचपाड्याकडून आलेली. मी आयुष्यात माइक दुरुस्त केलाय, त्यात बोललो कधी नव्हतो.

त्या कामिनीच्या नावाने लिहिणाऱ्या माणसाला पोलिसांनी डिसेंबरात पकडलं. चेतनासारख्या आणखी सहा मुली निघाल्या. हिलाल सरांनी ते कुणाचंही नाव न घेता सांगितलं. चेतना तिसऱ्या रांगेत आईशेजारी ताठ बसली होती.

मी उभा राहिलो आणि सांगितलं की मी माझ्या मुलीच्या फोनमध्ये चोरून ॲप बसवलं होतं. सगळ्यांसमोर, तुझं नाव घेऊन. तुझी परवानगी विचारली नव्हती, हे आता लिहिताना लक्षात येतंय. त्याबद्दलही माफ कर. मी म्हणालो, चार वर्षं मी माझ्या मुलीचे मेसेज वाचले आणि ती आज माझ्याशी बोलत नाही. मुलं काय करतात हे त्यांच्यापासून लपून बघू नका, त्यांच्या शेजारी बसून बघा. समजत नसेल तर त्यांनाच विचारा, त्यांना शिकवायला आवडतं. आणि ती काही सांगायला आली तर हातातलं काम ठेवा.

टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. लोक विचारात पडले. मग मागून एक जण उठले आणि त्यांनी विचारलं, "वसीमभाई, चार वर्षं वाचलंत, तर सापडलं काय?"

मी म्हणालो, "काहीच नाही."

हे खोटं होतं. त्या सभेत मी तेवढंच खोटं बोललो, कारण खरं आधी तुला सांगायला हवं.

तू बारावीत होतीस. तुझ्या वर्गातल्या मयूरीला, ब्राह्मणपुरीहून इथे मावशीकडे शिकायला आलेल्या त्या मुलीला, कुणीतरी तिचा फोटो जोडून घाणेरडं चित्र पाठवलं होतं आणि धमकावत होता. तिने ते फक्त तुला सांगितलं. मी दुकानात बसून तुमचे मेसेज वाचत होतो. ती लिहीत होती की आता कॉलेज सोडते. तू तिला लिहिलंस, 'माझ्या अब्बांना सांगू. ते ओरडत नाहीत. त्यांना काहीही सांगितलं तरी चालतं.'

ते वाक्य मला पाठ आहे.

संध्याकाळी तू तिला घेऊन दुकानात आलीस. सगळं सांगितलंस. मी पहिल्यांदा ऐकतोय असा चेहरा केला. तिचं खातं बंद करून नवं उघडून दिलं, तिच्यासोबत तिच्या मावशीकडे गेलो, तक्रार करायला लावली. महिन्याभरात तो त्रास थांबला. घरी येताना तू माझा हात धरून म्हणालीस, अब्बा, तुम्हाला किती पटकन कळलं सगळं. मी फुशारलो. पटकन कळलं कारण दुपारीच वाचलं होतं.

त्या दिवशी मला कळायला हवं होतं की त्या ॲपची गरज नाही. माझी मुलगी आपल्या पायांनी मला सांगायला आली. ज्या बापावर तिचा एवढा विश्वास, त्याने त्याच रात्री ते काढून टाकलं असतं. मी काढलं नाही. उलट वाटलं, बघा, किती उपयोगी पडलं. पुढे दोन वर्षांहून जास्त मी वाचत राहिलो.

दहावं घर हे आहे. तुझ्या आठवणीतला चांगला बाप त्या संध्याकाळचाच असेल तर तोही मी आज तुझ्यापासून काढून घेतोय, हे मला समजतं. पण तू खरी होतीस. मैत्रिणीला एकटी सोडली नाहीस. एवढी हिंमत तुझ्यात कुठून आली हे मला माहीत नाही, माझ्याकडून आली नाही. मला तुझा अभिमान आहे, आणि तो तुला सांगायची लायकी असो-नसो, मी सांगतोय.

तुझा अब्बा

नवापूर, २३ फेब्रुवारी २०२५

प्यारी बेटी अंजुम,

पत्र मिळालं. पूर्ण पान होतं. चार वेळा वाचलं, अम्मीला एकदा दिलं.

तू लिहिलंस की राग गेलेला नाही आणि जाईल तेव्हा जाईल. ठीक आहे. तू लिहिलंस की मयूरीचे मेसेजही मी वाचले होते, तर तिलाही मीच सांगायचं, तू सांगणार नाहीस. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. काल ब्राह्मणपुरीला जाऊन आलो.

तिच्या वडिलांच्या, हेमकांतभाईंच्या केळीच्या बागेत घड उतरवायचं काम चालू होतं. त्यांना मी सांगितलं की अंजुमचा मयूरीसाठी निरोप आहे आणि बाजूला थांबलो. तिच्या घरी त्या जुन्या गोष्टीतलं किती माहीत आहे हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून तिला एकटीलाच सांगितलं. ती शेताच्या बांधावर बसून ऐकत होती. शहाद्याला शिकते आता, चष्मा लागलाय. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "काका, त्या दिवशी आम्ही दुकानात आलो नसतो, तर ते वाचून तुम्ही स्वतः आमच्याकडे आला असता का?"

मी वाटेभर दहा प्रश्नांची उत्तरं जुळवली होती, हा त्यात नव्हता. मी म्हणालो, "माहीत नाही. दुपारपासून वाट बघत होतो. उठलो मात्र नव्हतो."

तिने मान हलवली. म्हणाली, खरं बोललात. मग उठून तिने केळ्यांची एक फणी पिशवीत घातली आणि ती तुझ्यासाठी आहे, आम्ही खायची नाही, असं बजावलं. बाकी जे काही आहे ते ती तुझ्याशीच बोलणार आहे. मी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षाला तू कॉलेजात पहिली आलीस हे तू पत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंस. मी ते दुकानात आलेल्या प्रत्येकाला मोठ्याने सांगितलंय. ज्याची स्क्रीन फुटली होती त्यालाही, तो घाईत होता तरी. हे सांगितलेलं तुला चालेल ना? नसेल तर थांबतो.

रमजानच्या आधी चार दिवस येतेस, हे वाचल्यापासून अम्मीने पुढची खोली दोनदा धुतली. शिरीन स्टँडवर यायचं म्हणते, तिला पाठवतो. मी दुकानात असेन. तुला वाटलं तर ये.

तुझा अब्बा